मागं सरायचा धडा

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही धाराशिव सोडून बार्शीला गेलो होतो. बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर होती. मी फार लहान होते. मला एवढंच आठवतं, की बैलगाडीत मी रडू नये म्हणून अक्कानं माझ्या तोंडावर हात धरला होता. अक्का माझी थोरली बहीण. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परत आलो. घराचं कुलूप काढता काढता वडील आईला म्हणाले, "आता या घरातून पुन्हा कुणी पळून जाणार नाही." हे वाक्य आमच्या घरात पुढं अनेकदा ऐकू आलं.

वडील कचेरीत कारकून होते. आधी उर्दूत कागद लिहायचे, राज्य बदलल्यावर मराठीत लिहू लागले. अंगानं किरकोळ, त्यात दमा. जन्मात कुणावर हात उगारलेला नव्हता, आणि बार्शीच्या त्या दिवसांची लाज त्यांच्या मनात घर करून बसली होती. मुलगा नव्हता, आम्ही दोघी मुलीच. शेजारच्या घरी मुलींना शिवणकाम शिकवत होते, तेव्हा आमच्या वडिलांनी ठरवलं की आपल्या मुलींना लाठी शिकवायची.

गावात लाठी शिकवणारा, नाव घ्यावं असा माणूस एकच होता. त्यांना सगळे वस्तादच म्हणत. साठीला टेकलेले, उंच, दाढी मेंदीनं लाल. ते मुसलमान होते, पण त्यांच्या तालमीत सगळ्या जातींची पोरं असत. मोहरमात आणि गणपतीत त्यांचेच शागीर्द रस्त्यावर लाठी फिरवायचे. ॲक्शननंतर मात्र तालीम बंद पडली होती. वडील आणि ते एकाच उर्दू शाळेत शिकलेले. वस्ताद वडिलांना 'मुन्शीजी' म्हणत.

वडील त्यांच्याकडं गेले तेव्हा ते नाहीच म्हणाले होते. नंतर एके दिवशी सकाळी आपणहून आमच्या परसात येऊन उभे राहिले.

"म्या शिकवीन, पण माझ्या पद्धतीनं," ते म्हणाले. "मधी बोलायचं न्हाई, मुन्शीजी."

वडिलांनी मान डोलावली आणि ते ओट्यावर बसले.

पहिले कितीतरी दिवस वस्तादांनी आम्हाला लाठीला हात लावू दिला नाही. ते आम्हाला उलटं चालायला लावायचे. तोंड त्यांच्याकडं, पाय मागं. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं. मध्येच विचारायचे, "मागं काय हाय?" मान न वळवता सांगायचं. धुण्याचा दगड, शेवग्याचं झाड, गोवऱ्यांचा ढीग, दार. मी दगडाला अडखळून पडायचे. अक्का पडायची नाही. तिला पाठीला डोळे असल्यासारखं सगळं कळायचं.

"वस्ताद, लाठी कधी?" वडील ओट्यावरून विचारायचे.

"येईल की. लाठी कुठं पळून चाललीय?"

लाठी आली तीसुद्धा अडवण्यापुरती. समोरून वार आला की तो अंगावरून सरकवून द्यायचा आणि त्या क्षणात दाराकडं सरायचं. मनगट कुणी धरलं तर ओढाताण करायची नाही, अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवायचा. "बोटं चार हायत, अंगठा एकटा हाय," वस्ताद म्हणायचे. "जिथं कमजोर तिथनं सुटायचं." सुटल्यावर काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुटल्यावर वरडायचं आन् पळायचं. खोलीत शिरलं की पहिलं दार बघायचं, माणसं मागनं."

असं बरेच महिने चाललं. एके दिवशी वडिलांना राहवलं नाही.

"वस्ताद, तुम्ही पूर्वी पोरांना असं शिकवत नव्हता. मी पाहिलंय. तुमचा पठ्ठ्या चौघांमध्ये उभा राहायचा आणि चौघांना लोळवायचा. हे तर पळायचं शिक्षण झालं."

"व्हय, मुन्शीजी. पळायचंच."

ते धुण्याच्या दगडावर बसले. डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी आपल्या मुलाचं सांगितलं. आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो, आणि आम्हाला आत जा असं कुणी म्हणालं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्यांचा सगळ्यात तयार शागीर्द होता. ॲक्शनच्या दिवसांत तो सासुरवाडीच्या गावी होता. राज्य बदलल्यावर आठवड्याभरातच त्या गावावर जमाव आला. घरामागं ओढा होता आणि ओढ्यापलीकडं पुरुषभर ज्वारी उभी होती. बायको आणि तिची धाकटी भावंडं त्या ज्वारीत शिरली. मुलगा दारात लाठी घेऊन उभा राहिला.

"लई वेळ उभा होता म्हणत्यात," वस्ताद म्हणाले. "तो बी ज्वारीत गेला असता. वाट मोकळीच होती. पर म्याच शिकवलेलं, वस्तादाचं पोर पाठ दावत न्हाई."

जमावात कोण होतं हे त्यांनी सांगितलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही. आईनं आतून तांब्याभर पाणी पाठवलं. ते पिऊन वस्ताद उठले आणि आम्हाला म्हणाले, "चला पोरींनो. मागं सरा."

त्या दिवसानंतर वडिलांचं मन या शिकवण्यातून उठलं होतं हे कळत होतं. ओट्यावर बसायचेही ते बंद झाले. त्यांना मुलींनी पळायला शिकायला नको होतं. पळून झालं होतं.

मी पाचवीत आणि अक्का नववीत असताना मुलींच्या शाळेत नव्या बाई आल्या. कवायतीच्या. पुण्याकडं शारीरिक शिक्षणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, लग्न न केलेल्या, गळ्यात शिट्टी घालून रस्त्यानं ताठ चालणाऱ्या. धाराशिवात बायकांचं असं चालणं कुणी पाहिलं नव्हतं. त्या एका न्हाव्याच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. त्यांनी शाळेत मुलींचं लाठीपथक सुरू केलं.

बाईंचं शिकवणं सगळं वेगळं होतं. मैदानावर चुन्याच्या रेघा आखलेल्या. रांगेत उभं राहायचं. शिट्टी झाली की सगळ्यांच्या लाठ्या एकदम वर, एकदम खाली. बाई रांगांमधून फिरायच्या आणि पाय जुळले नाहीत तर काठीनं हळूच टोचायच्या. "पाय रोवा. नजर वर. समोरच्याच्या डोळ्यांत बघा," हे त्यांचं पालुपद. त्या आम्हाला सांगायच्या की मुलगी मार खाते ती ताकद नसते म्हणून नाही, तर ती आधीच खाली बघते म्हणून. वस्ताद आमच्या पायांकडं बघायचे, बाई आमच्या मानेकडं.

मला बाईंचा तास आवडायचा. पन्नास मुलींबरोबर एकदम ओरडताना अंगात काहीतरी भरून यायचं. वस्तादांच्या धड्यात तसं काही होत नव्हतं. तिथं आपण एकटे असायचो, आणि समोरून येणारा माणूस आपल्याहून मोठा असायचा.

वडिलांनी वस्तादांना घरी बोलावून चहा दिला आणि सांगितलं, की आता शाळेतच सोय झाली आहे. वस्तादांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. "चांगलं झालं," म्हणाले. "आमचं सरायचं बी इसरू नका म्हणजे झालं."

सव्वीस जानेवारीच्या संचलनात अक्का पथकाच्या पुढं होती. पांढरी साडी, कमरेला खोचलेला पदर, हातात तेल लावलेली लाठी. कलेक्टरांसमोर तिनं लाठी अशी फिरवली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून वडील घरी आले ते आईला म्हणाले, "पाहिलंस का? एक पाऊल मागं घेतलं नाही तिनं."

त्याच सुमारास बाई आणि वस्ताद एकदा भेटले. अक्काच्या पायात बाईंना एक सरकणं दिसलं होतं. ते त्यांच्या शिक्षणातलं नव्हतं. कुणाकडून शिकलीस म्हणून त्यांनी विचारलं आणि एका रविवारी त्या अक्काला आणि मला घेऊन वस्तादांच्या घरी गेल्या. वस्तादांनी अंगणात खाट टाकली. सुनेनं चहा केला. ज्वारीतून वाचलेली सून ती हीच.

दोघांनी एकमेकांना आपापलं दाखवलं. बाईंनी पवित्रा घेतला, तो वस्तादांनी भोवती फिरून पाहिला. "पक्का हाय," म्हणाले. मग त्यांनी बाईंना उलटं चालायला लावलं. बाई खाटेला अडखळल्या आणि हसल्या.

"पण वस्ताद," बाई म्हणाल्या, "मुलींना आधीच सगळं जग मागं हो म्हणतं. शाळेत येऊन मीही तेच शिकवू का?"

"मागं व्हणं आन् मागं सरणं येक न्हाई, बाई."

"समोरच्याला ते एकच दिसतं."

वस्ताद खाटेवर टेकले. मग त्यांनी मुलाची गोष्ट सांगितली, आम्हाला सांगितली होती तशीच. बाईंनी ऐकून घेतली आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत हळू आवाजात म्हणाल्या, "ते उभे राहिले, म्हणून या वाचल्या ना?"

वस्तादांना हे कुणी आधी म्हणालं नसेल असं नाही. त्यांनी स्वतःही ते मनाशी म्हटलं असेल. पण त्या वेळी त्यांनी फक्त रिकामी कपबशी खाटेखाली सारली. दारात सून उभी होती, ती आत गेली. परतताना बाई वाटभर अस्वस्थ होत्या. "मी बोलायला नको होतं," असं त्या एकदा पुटपुटल्या.

कोण बरोबर, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मुलांना दोन शिक्षक दोन गोष्टी सांगतात, ती दोन्ही पाठ करतात.

अक्का मॅट्रिक झाली आणि तिचं लग्न झालं. स्थळ भूमचं. जमीन, पेठेत कापडाचं दुकान, नवरा दिसायला चांगला. लग्नात वडिलांनी व्याह्यांना कौतुकानं सांगितलं की मुलगी लाठीपथकाची पुढारी होती. व्याही हसले. म्हणाले, "आमच्याकडं लाठीचं काम न्हाई, भाकरी आली म्हंजे झालं."

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली. रात्री आम्ही दोघी एका अंथरुणावर निजायचो, पण या खेपेला ती वेगळं अंथरूण घालून झोपली. सकाळी विहिरीवर तिनं चोळी बदलली तेव्हा मी तिची पाठ पाहिली.

"अक्का, हे काय?"

ती काही वेळ दोर सोडवत राहिली. मग म्हणाली, "मनगट सोडवता येतं गं. अंगठ्याकडून. वस्तादांनी शिकवलंय तसंच सुटतं. पहिल्या वेळी मी सोडवलं."

"मग?"

"त्याचाच त्यांना राग आला. बायकोनं हात सोडवून घेतला म्हणून. त्या दिवशी सगळ्यात जास्त मारलं." तिनं चोळीची गाठ मारली. "मग एकदा मी बाईंनी सांगितलं तसं डोळ्यांत बघितलं. त्याचाही राग आला. आता मी काहीच करत नाही."

आईला कळलं, आईनं वडिलांना सांगितलं. त्यांना दम्याची उबळ आली. संध्याकाळी म्हणाले, "नवीन संसार आहे. रुळायला वेळ लागतो." आणि श्रावण संपल्यावर स्वतः एसटीत बसवून तिला भूमला सोडून आले.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती आणि उजवा हात मनगटाशी वाकडा होता. मोडला तेव्हा भूमच्याच एका हाड बसवणाऱ्यानं पट्ट्या बांधल्या होत्या, पण तो नीट जुळला नव्हता. ती कुणालाही न सांगता आली होती. वडील दारात होते. त्यांनी नातीला घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अक्काला म्हणाले, "पळून आलीस?"

अक्कानं वाकडा हात पदराखाली घेतला.

"लोकांना मी काय सांगू? या घरातली माणसं पुन्हा पळाली म्हणून?"

त्या आठवड्यात वस्ताद आमच्या घरी आले. गावात बातमी लपत नाही. म्हातारपणानं वाकले होते, काठी टेकत आले. ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मुन्शीजी, म्या पोरीला मागं बघायला शिकवलं. मागं तुमचं घर हाय असं समजून शिकवलं."

"वस्ताद, हा आमच्या घरचा प्रश्न आहे," वडील म्हणाले.

"व्हय. ते बी खरं."

ते गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. त्या थंडीत ते वारले. मातीला वडील गेले होते. परत आल्यावर अंघोळ करून बराच वेळ पाठमोरे बसून राहिले. त्यांना रडू येत होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण त्याआधीच त्यांनी अक्काला पुन्हा भूमला पोचवलं होतं, लेकरासकट. निघताना अक्कानं आईच्या पाया पडून वर पाहिलं, तेव्हा आईनं तोंड पदरात धरलं. आई त्या घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही.

पुढच्या वर्षी, भूमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, अक्का घरातून निघाली. बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी असते, घरातले पुरुष सगळे तिकडं. सासू नातीला घेऊन देवळात गेली होती. लेकरू परत यायची वाट पाहिली तर निघणं होणार नाही, हे अक्काला ठाऊक होतं. मला तिनं नंतर सांगितलं, की ती उंबऱ्यात उभी राहिली आणि घरात मागं काय काय आहे ते एकेक आठवत राहिली. पाळणा, दुधाची वाटी, मुलीचं टोपडं. मग पाठ फिरवून बाजारातून स्टँडवर गेली आणि मिळेल त्या गाडीनं निघाली. येरमाळ्याला गाडी बदलून दुपारपर्यंत धाराशिवला पोचली.

ती आमच्या घरी आली नाही. सरळ बाईंच्या खोलीवर गेली.

बाईंनी न्हाव्याच्या मुलीला पाठवून मला बोलावून घेतलं. मी धावत गेले. अक्का भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी तिच्यापुढं भात ठेवला होता, तिनं तो खाल्ला नव्हता. "दूध पीत होती अजून," एवढंच ती मला म्हणाली, आणि पदराखाली छातीशी हात आवळून धरला.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि त्याचा चुलता आले. आमच्या वडिलांना सोबत घेऊन ते माडीच्या जिन्यावर आले. मी आत होते. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यात लाठी होती, पण ती त्यांनी घेतली नाही. दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाई, बाजूला व्हा," नवरा म्हणाला. "माझी बायको आहे."

"आहे. पण तिला यायचं नाही."

"तुम्हाला नोकरी करायची का नाही या गावात?"

"करायची आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तरीही बाजूला होणार नाही."

वडील मधल्या पायरीवर उभे होते. त्यांना धाप लागली होती. बाईंनी त्यांच्याकडं पाहून विचारलं, "दादा, तुम्ही सांगा. तुम्ही तिला तुमच्या घरी नेत असाल तर मी आत्ता बाजूला होते."

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. आतून अक्काही ऐकत होती. वडिलांनी कठडा धरला. काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण खोकला आला. खोकला थांबल्यावर ते वळले आणि एकेक पायरी उतरून खाली गेले. पुढच्या दाराशी त्यांनी जोडे घातले त्याचा आवाज आला. नवरा आणि चुलता आणखी थोडा वेळ बोलत राहिले, मग तेही गेले.

बाईंबद्दल गावात नको नको ते बोललं गेलं. मुलींना घरं सोडायला शिकवते असं पालक म्हणू लागले. लाठीपथक बंद झालं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाई परत आल्या नाहीत. त्यांना दूर सोलापूरच्याही पलीकडं नोकरी मिळाली. जाताना त्यांनी अक्काला बरोबर नेलं. तिकडं अक्कानं बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि एका लहान गावात दुसऱ्यांची मुलं सांभाळू लागली.

जायच्या आधी मुलीसाठी म्हणून ती बाईंसोबत एकदा भूमला गेली होती. दारात सासू मुलीला कडेवर घेऊन उभी होती. अक्कानं हात पुढं केले. मुलीनं तोंड फिरवून आजीच्या खांद्यात खुपसलं. लेकरू तुझ्याकडं येत न्हाई, आम्ही काय करणार, असं सासू म्हणाली, आणि त्या क्षणी ते खरंच होतं. कोर्टकचेरी करायला अक्काच्या मागं कुणी नव्हतं.

वडिलांनी तिचं नाव घेणं सोडलं. आई मात्र दर वर्षी शाकंभरी नवरात्रात देवीला जाते म्हणून तुळजापूरला जायची. अक्का सोलापूरच्या गाडीनं यायची. दर्शन झालं की दोघी देवळातल्या कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर बसायच्या. आई भाकरी बांधून न्यायची. वडिलांना हे माहीत होतं असं मला वाटतं, कारण आई निघायच्या आदल्या दिवशी ते तिला न विचारताच स्टँडवर जाऊन गाडीची वेळ बघून यायचे.

मी पण कवायतीची शिक्षिका झाले. शिक्षणाच्या वेळी एका परीक्षकांनी मला विचारलं, की आत्मसंरक्षणात चढाई महत्त्वाची की बचाव. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, ते मी दिलं. मला दिसत होतं वेगळंच. एक माणूस दारात उभा राहून मेला आणि त्यामुळं तीन जीव ज्वारीतून गेले. एक बाई दारात उभी राहिली आणि तिची नोकरी गेली, आणि माझी बहीण वाचली. आणि बहीण वाचली ती आधी घरातून निघाली म्हणून. वस्ताद आणि बाई, दोघांपैकी कुणाचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. दोघांनीही आम्हाला परक्या माणसापासून वाचायला शिकवलं होतं. समोरचा आपल्याच घरातला असेल तर काय, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांना ते माहीतच नसावं, किंवा माहीत असूनही लहान मुलींपुढं बोलवलं नसावं.

मी भूमची शाळा मागून घेतली. तिथं कुणी जायला तयार नसायचं, त्यामुळं लगेच मिळाली. मी मुलींना रांगेत उभं करायचे, पाय रोवायला लावायचे, नजर वर धरायला लावायचे. मग त्याच मुलींना उलटं चालवायचे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे?" मी म्हटलं, "धाराशिवच्या."

वर्षाच्या शेवटी मी मोठ्या मुलींना एक गोष्ट सांगायचे. अडचण आली तर कुठल्याही वेळी जाता येईल असं एक घर मनात ठरवून ठेवा, मला सांगू नका. काही मुली लगेच मान हलवायच्या. काही बराच वेळ मैदानाकडं बघत राहायच्या. मला त्यांची काळजी वाटायची.

अक्काची मुलगी पाचवीत माझ्या वर्गात आली. मी तिची मावशी हे तिला ठाऊक होतं. लहान गावात ते लपणार कसं? पण ती मला बाई म्हणायची आणि मीही तिला इतरांसारखंच वागवायचे. पहिल्याच आठवड्यात तिची आजी शाळेत आली. पूर्वीपेक्षा खूप थकलेली, पायरीवर टेकली.

"आमच्या पोरीला काठी शिकवू नका, बाई," ती म्हणाली. "हिच्या आईला शिकवली, काय झालं?"

"ती जिवंत आहे," मी म्हटलं.

आजी माझ्याकडं बघत राहिली. भांडायला आली होती, पण भांडली नाही. "मला बी दिसत होतं सगळं," असं ती म्हणाली आणि मग थांबली. "मी तरी काय करणार व्हते? माझं बी तसंच गेलं." ती उठली आणि जाताना पुन्हा म्हणाली, "पर काठी नको."

म्हणून लाठीच्या तासाला ती मुलगी कडुलिंबाखाली बसून राहायची. बाकीच्या मुली खेळायच्या, ही बघायची. एके दिवशी तास संपल्यावर लाठ्या गोळा करायला ती आपणहून आली. मोळी बांधता बांधता तिनं विचारलं, "बाई, माझी आई चांगली खेळायची का?"

"तिच्यासारखी धाराशिवात कुणी खेळत नव्हतं."

तिनं आणखी एक लाठी मोळीत सरकवली. "मग ती पळाली कशाला?"

मी तिच्याशेजारी खाली बसले. दहा वर्षांच्या मुलीला कोणत्या शब्दांत सांगायचं? शेवटी मी म्हटलं, "चांगलं खेळणाऱ्यालाही कधी कधी निघावं लागतं."

"मला घेऊन का नाही गेली?"

"तिला जमलं नाही. तिनं परत येऊन हात पुढं केले होते. तू खूप लहान होतीस."

तिनं दोरीला गाठ मारली. गाठ सुटली, तिनं पुन्हा मारली. मी विचारलं, "तिला भेटायचं का तुला? मी घेऊन जाईन."

"नाही," ती म्हणाली. रागानं नाही, साधं. आणि दप्तर उचलून घरी गेली.

त्या वर्षी आई आजारी होती म्हणून मी रजा काढून धाराशिवला आले होते, तुळजापूरलाही मीच गेले. अक्का आधीच येऊन बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते, तिशी नुकतीच लागली असेल. मी तिला सगळं सांगितलं, मुलीचा नकारही. लपवावंसं वाटलं होतं, पण अक्कानं सरळ विचारलं तेव्हा खोटं बोलवलं नाही. तिनं ते ऐकून घेतलं. पायऱ्यांखाली बायका स्नान करत होत्या, तिकडं ती बघत होती.

"डब्यात काय आणते?" तिनं विचारलं.

"भाकरी आणि शेंगांची चटणी. कधी खवा आणते, गूळ घालून."

"खवा आवडतो तिला?"

"आवडतो. आधी तोच खाते, मग भाकरी."

"आणि मैत्रीण आहे का कुणी?"

"आहे. दोघी मिळून डबा खातात."

अक्कानं मान हलवली. मग तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ती शाळेत येते कुठल्या रस्त्यानं, वेण्या कोण घालतं, अक्षर कसं आहे. मी आठवेल ते सगळं सांगितलं. सोलापूरची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडलं तेव्हा आम्ही उठलो आणि स्टँडवर गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "आईला औषध वेळेवर दे." गाडी सुटली. मी धाराशिवच्या गाडीची वाट बघत तिथंच बाकावर बसले.